इथं काय येणार?

घर दुरुस्तीला काढलं की बाकीच्या कारागिरांचे प्रश्न सरळ असतात. गवंडी विचारतो, भिंत किती उंच. फरशीवाला विचारतो, चकचकीत की खरखरीत. रंगाऱ्याचा प्रश्न शेड कार्डावर बोट ठेवलं की मिटतो. वायरमनचा प्रश्न मात्र ज्योतिष्यालाच विचारावा असा. खडूचा तुकडा घेऊन तो उघड्या विटांच्या भिंतीसमोर उभा राहतो आणि म्हणतो, "इथं काय येणार?"

हा प्रश्न बाहेरच्या खोलीत कुणाला अडवत नाही. तिथं टीव्ही येणार. झोपायच्या खोलीत पंखा आणि उशाशी मोबाइल. देवघरात एक बारका दिवा. गाडी अडते ती स्वयंपाकघरात. तिथं जे येणार ते अजून दुकानात आहे, काही तर अजून कुणी बनवलेलंही नाही, आणि जे घरात आहे ते कुठं ठेवायचं यावर सासू-सुनेचं एकमत नाही. वायर भिंतीत गेली की पंचवीस-तीस वर्षं तिथंच राहायची. यंत्रं पाच-सात वर्षांत बदलणार. एअर फ्रायर नावाची वस्तू काही वर्षांपूर्वी आमच्या घरात कुणाच्या ऐकिवात नव्हती. आता पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा बिनतेलाच्या भज्यांचं वर्णन करून जातो आणि जाताना तेलातली भजी खाऊन जातो. म्हणजे भिंत आज फोडायची आणि उत्तर 2050 सालचं द्यायचं. आमच्या घरात उद्याच्या भाजीवर एकमत व्हायला रात्रीचे दहा वाजतात.

अवसरी खुर्दातलं आमचं घर दोन काळांचं आहे. पुढची बाजू दगडमातीची, मागचं स्वयंपाकघर नंतर विटांत बांधलेलं. वीज आली तेव्हा घर आधीच उभं होतं, त्यामुळे ती पाहुण्यासारखी बाहेरून आली आणि भिंतीच्या कडेकडेनं राहिली. लाकडी पट्ट्या, त्यांवर पत्र्याच्या क्लिपांत धरलेल्या वायरी, काळं बेकलाइटचं बटन, चिनी मातीचा फ्यूज. माजघर आणि चुलीची खोली यांच्यामधल्या भिंतीला एक भोक पाडून त्यात एकच दिवा टांगलेला, दोन्हीकडे निम्मानिम्मा उजेड. झोपताना झिरोचा बल्ब. हा झिरोचा बल्ब प्रत्यक्षात 15 वॅटचा असतो हे पुढं शाळेत जाणाऱ्या नातवानं सांगितलं तेव्हा आजोबांना फार लागलं होतं म्हणतात. इतकी वर्षं फुकट समजून जाळला.

त्या घरात वीज म्हणजे उजेड, एवढंच. स्वयंपाक जाळावरच. चुलीपुढं बसून भाकरी, पाट्यापुढं बसून वाटण, जात्यापुढं बसून दळण, विळीपुढं बसून भाजी. सगळं स्वयंपाकघर जमिनीपासून दीड-दोन फुटांच्या आत नांदत होतं. त्यात पहिलं यंत्र आलं ते मिक्सर. परदेशी मिक्सर केकचं पीठ फेटायला केलेले, सुकं खोबरं आणि हळकुंडं पाहिली की त्यांची मोटर जळायची. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते. त्यांच्या पत्नीचा ब्राउन कंपनीचा मिक्सर असाच बंद पडला आणि त्यातून साठच्या दशकात 'सुमीत' मिक्सरचा जन्म झाला: दणकट मोटर आणि सुकं वाटण झेपणारी भांडी. माथुरांनी भारतीय मसाल्याचा विचार केला, पण मिक्सर कुठं ठेवून चालवणार याचा विचार ज्यानं त्यानं आपल्या घरी करायचा होता. आमच्याकडं तो जमिनीवर ठेवला गेला. दुसरं होणार काय? आजी जिथं बसते तिथं वाटण. एक पाय मुडपून, दुसरा लांब करून, मिक्सर पुढ्यात, डावा हात झाकणावर. वायर मात्र खांद्याच्या उंचीवरच्या बोर्डातून खाली लोंबायची आणि येणारा-जाणारा तिच्यावरून उडी मारून जायचा.

मग ओटा झाला. गॅस ओट्यावर गेला, मिक्सर ओट्यावर गेला, आई आणि वहिनी उभ्या राहून स्वयंपाक करू लागल्या. आजी मात्र खालीच राहिली. लसूण सोलणं, कोथिंबीर निवडणं, शेंगा फोडणं ही खाली बसून करायची कामं तिच्याकडं, आणि शेंगदाण्याचा कूट व लसणाची चटणी ही दोन तिनं कुणाला दिली नाहीत. त्यामुळे जुना मिक्सर अजून खाली आहे, नवा वर.

वायरमननं होणाऱ्या ओट्याच्या वर खडूनं चौकोन काढायला सुरुवात केली. एक मिक्सरला, एक ओव्हनला, एक पाण्याच्या फिल्टरला, कोपऱ्यात फ्रीजला. आजी उंबऱ्यावर बसून बघत होती. चौकोन संपल्यावर म्हणाली, "आन् मला?"

"तुम्हाला काय पाहिजे आजी?"

"खाली एक बटन."

"आजी, खाली पॉइंट देत नाहीत. फरशी पुसताना पाणी जाईल. पोरं बोटं घालतील."

"पोरं बोटं घालत्यात तर पोरांना सांगा. मी जन्मभर चुलीपुढं बसले, पोरं भाजतील म्हणून चूल कुणी माळ्यावर नेऊन ठेवली न्हाय."

यावर वायरमन खडू कानाला लावून गप्प बसला. माणूस अनुभवी, मंचरपासून घोडेगावपर्यंत त्यानं घरं वायर केलेली, पण हा युक्तिवाद त्याला नवा होता. शेवटी तोड निघाली. मोरीपासून लांबच्या कोपऱ्यात, फरशीपासून दीड फुटावर, भोकांना आतून झडप असलेला सॉकेट. शिवाय सगळ्या स्वयंपाकघरावर आरसीसीबी, म्हणजे गळतीचा करंट पकडणारा खटका. हे यंत्र फार आवडण्यासारखं आहे. गेलेला करंट आणि परत आलेला करंट ते सारखा ताडून पाहतं. घरगुती जातीच्या खटक्यात वाटेत 30 मिलिअँपिअरएवढी गळती झाली, ती वायरीतून असो की माणसाच्या अंगातून, की ते क्षणाच्या आत पुरवठा तोडतं. दादा म्हणाला, हे आईच्या बाजारहिशोबासारखं आहे. शंभराची नोट नेली आणि भाजी व सुटे मिळून शंभर भरले नाहीत की पुढचं सगळं बंद.

त्या दिवशी मला पहिल्यांदा लक्षात आलं की आजवर पाहिलेल्या बहुतेक स्वयंपाकघरांत बटनं वायरमनच्या खांद्याच्या उंचीवर आहेत. ती बसवणाऱ्यांनी तिथं उभं राहून कधी फोडणी दिलेली नसते. शेगडीच्या बरोबर वर सॉकेट असलेली घरं मी पाहिलीत; मिक्सर बंद करायला बाईनं उकळत्या कढईवरून हात न्यायचा. चिमणीचं बटन फ्रीजच्या मागं असलेलं घर तर माझ्या एका नातेवाइकांचंच. फ्रीज हलवल्याशिवाय धूर बाहेर जात नाही, म्हणून ते फोडणीच कमी देतात.

वहिनीनं यावर आपली रीत काढली. नवा ओटा अजून झालेला नव्हता. तिनं विटांची चवड रचून ओट्याएवढी उंची केली, त्यावर रिकामी कढई ठेवली आणि हवेत स्वयंपाक सुरू केला. डाव्या हाताला मिसळणाचा डबा समजायचा, उजव्या हाताला मोरी. हवेत फोडणी, हवेत परतणं, आणि मग मान न वळवता हात भिंतीकडं. जिथं बोटं टेकली तिथं वायरमननं फुली मारायची. "भावजी, हसू नका, इथं पाणी आणून ठेवा," असं मला सांगून तिनं कणीकही मळली. छत नसलेल्या खोलीत, शेजारच्या गच्चीवरून दोन बाया बघत असताना, तिनं वरण-भात-भाजी-पोळी असा पूर्ण स्वयंपाक नुसत्या हातवाऱ्यांवर केला. आधी खडूनं काढलेल्या चौकोनांपैकी जेमतेम एक जागेवर राहिला. वायरमन मनातून वैतागला असावा, पण जाताना म्हणाला, "वहिनी, आमच्या घरी पण येऊन एकदा करून दाखवा."

जागा ठरल्या, आता भार. आमच्या पुढच्या खोल्यांत दोन मुलं भाड्यानं राहतात. गावात 2009 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतनही आहे, त्यामुळे अवसरीत घराला एखादी खोली जास्त काढणं हा शेतीला जोडधंदा झालाय. या मुलांपैकी एकानं उत्साहानं कागद घेतला. इंडक्शन 2000 वॅट, बाथरूमचा गिझर 2000, किटली 1500, ओव्हन-टोस्टर 1500, मायक्रोवेव्ह 1300, मिक्सर 750, घरघंटी 750, पाण्याची एक हॉर्सपॉवरची मोटर साधारण 750, फ्रीज 200, फिल्टर 60. बेरीज 10,810 वॅट. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे 47 अँपिअर. आकडा ऐकून दादा खाली बसला. किटली आणि इंडक्शन आमच्या घरात नसताना यादीत कसे आले, हे आईनं विचारल्यावर मुलगा लाजला. त्यांच्या खोलीत पहाटे दोनला मॅगी कशावर होते, याचा उलगडा असा अभियांत्रिकी मार्गानं झाला.

वायरमननं कागदाकडं पाहिलंही नाही. "सगळं एकदम कोण लावतंय?" एवढंच म्हणाला. मुलाच्या पुस्तकात या एका वाक्याला डायव्हर्सिटी फॅक्टर म्हणतात आणि त्याचं गणित असतं. घरातली सगळी यंत्रं एकाच वेळी पूर्ण जोरावर चालत नाहीत, म्हणून बेरजेइतकी मोठी वायर मीटरपर्यंत लागत नाही. अख्ख्या गावाची डीपीही, म्हणजे रोहित्र, याच भरवशावर उभी असते: तुमची मोटर सुरू असताना शेजाऱ्याचा गिझर बंद असेल. वीज मंडळाच्या काळापासून चालत आलेला हा माणसावरचा विश्वास आहे, आणि तो बहुतेक दिवशी खराही ठरतो.

"बहुतेक," वहिनी म्हणाली. "यात्रेच्या दिवशी येऊन बघा." तिचं खरं होतं. भैरवनाथाच्या यात्रेला घरात पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईचे सगळे येतात आणि प्रत्येकाला सकाळी सातच्या आत गरम पाणी हवं असतं. त्याच वेळी पुरण वाटायला मिक्सर, टाकी भरायला मोटर, कुणाच्या तरी लेकराच्या दुधाला मायक्रोवेव्ह. त्या दिवशी डायव्हर्सिटी शून्य. आणि तेच सगळ्या गावात चालू. मग ठरलं की स्वयंपाकघराला तीन वेगळ्या वाटा द्यायच्या. फ्रीजची स्वतंत्र, म्हणजे मिक्सरनं खटका पाडला तरी आतलं दूध नासू नये. मिक्सर-फिल्टर वगैरेला अडीच एमएमची वायर. इंडक्शन किंवा ओव्हन येईल त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि चार एमएमची. दिव्याला दीडची पुरते. गिझर आणि मोटरनं आपला संसार बाहेर थाटायचा.

इंडक्शनचा पॉइंट आईला मान्य नव्हता. तिचं म्हणणं, त्यावर भाकरी फुगत नाही. तव्यावर भाजून होईल, पण शेवटी भाकरीला जाळ दिसलाच पाहिजे. ते शास्त्रालाही धरून आहे. इंडक्शन भांड्याचं लोखंड तापवतं, त्याला ज्योतच नाही. वहिनी म्हणाली, असू द्या, सिलिंडर संपला तर चहा तरी होईल. तो पॉइंट त्यामुळे चहाच्या नावावर निघाला. मागच्या दाराची चूल मात्र कुठल्याच आराखड्यात नव्हती आणि तिला कुणी हातही लावला नाही.

वहिनीला असा आडाखा बांधायची सवय का, ते मला माहीत आहे. ती लग्न होऊन आली तो काळ 2005 नंतरच्या भारनियमनाचा. त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची आणि लाइट जायची-यायची वेळ पेपरात छापून यायची. नवीन सून घरातल्या माणसांचे स्वभाव शिकते. हिनं आधी फीडरचा स्वभाव शिकून घेतला. चटणी पहाटे, इडलीचं पीठ रात्री अकराला, इस्त्री जमेल तेव्हा. शेतातली तऱ्हा तर आणखी वेगळी. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अशी पाळी. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबटे राहतात. रात्रीच्या पाळीला दादा पाणी धरायला निघाला की आई झोपत नसे. इकडच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं दिवसाच्या विजेची मागणी केली ती सुखासाठी नव्हे. वहिनी त्या रात्री चहा करून थर्मासमध्ये द्यायची, आणि तो चहा गॅसवरचा की विजेवरचा हे विचारायची कुणाला सवड नव्हती.

म्हणून इन्व्हर्टरवर काय घ्यायचं याची तिची यादी तयार होती: ओट्यावरचा दिवा, मागच्या दाराचा दिवा, फिल्टर. मिक्सर नाही. दादानं मिक्सरचा आग्रह धरला तेव्हा ती म्हणाली, लाइट नसताना चटणी नाही खाल्ली तरी चालतं.

मिक्सरवरून आठवलं. आमच्या लहानपणी शेजारी मिक्सर सुरू झाला की टीव्हीवर मुंग्या यायच्या आणि रविवारच्या सिनेमातला नायक त्यांत बुडून जायचा. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात, ते फिरताना बारीक ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्र. हे सांगायचं कारण, आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची दुर्बीण. ही जागा निवडण्यामागं एक कारण असं की इथं माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. दूरच्या आकाशगंगांतला हायड्रोजन जे पुटपुटतो ते ऐकायचं तर आजूबाजूला कमी मिक्सर असणं बरं. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्गसुद्धा या दुर्बिणीपायी बदलायला निघाला. जिथं रेल्वेनं वाट वाकडी केली तिथं आमच्या मिक्सरनं जरा दबकून राहायला हरकत नाही.

आणि हे नुसतं थट्टेचं नाही. ऑस्ट्रेलियात पार्क्स इथल्या रेडिओ दुर्बिणीला वर्षानुवर्षं एक चमत्कारिक संदेश अधूनमधून ऐकू यायचा. शास्त्रज्ञांनी त्याला पेरिटॉन असं नाव दिलं, त्यावर निबंध लिहिले. 2015 साली उलगडा झाला. तिथल्याच कर्मचाऱ्यांचा मायक्रोवेव्ह होता. जेवण गरम करताना कुणी वेळ संपायच्या आत दार उघडलं की लहर बाहेर निसटायची. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आजीनं एवढंच विचारलं, "त्यांना दम न्हवता का?"

शेवटचं काम अर्थिंगचं. परसात खड्डा घेतला, त्यात पाइप उभा केला आणि वायरमननं भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायला सुरुवात केली. आजी काठी टेकत आली. मिठाची पिशवी, काळा कोळसा, जमिनीत खड्डा. "घराची दिष्ट काढताय व्हय?" तिनं विचारलं. "मग मोहऱ्या कुठायत?" वायरमननं समजावलं की मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात, माती ओली असली की बिघडलेला करंट माणसाला सोडून तिकडं जातो. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायला विसरायचं नाही. आजीला हे पटलं. उलट तिला जे समजलं होतं त्याहून हे फार वेगळं आहे असं तिला वाटलं नाही. पाणी रोज कोण घालणार यावर मात्र तिचा विश्वास नव्हता. कागदावर दादाचं नाव लागलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी मोरीचं पाणी वळवून खड्ड्याशेजारनं नेलं आणि कडेला अळूचे कंद लावले. अळू सुकला की अर्थिंग सुकलं असं समजायचं. वायरमनच्या मते हा जगातला सगळ्यात स्वस्त मीटर होता, आणि त्याच्या वड्याही होतात.

गिलावा करण्याआधी वहिनीनं चारही भिंतींचे मोबाइलवर फोटो काढले. कुठून कुठला पाइप गेलाय, ते दिसेल असे, शेजारी टेप धरून. गिलावा झाला, रंग झाला, भिंती एकसारख्या गुळगुळीत झाल्या आणि आत काय आहे ते कुणाला सांगता येईना. मग एक दिवस दादा हातोडी आणि खिळा घेऊन उभा राहिला. 'कालनिर्णय' टांगायचं होतं. दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, चतुर्थी, सगळं त्याच्यावर, त्यामुळे ते स्वयंपाकघरातच हवं. वहिनीनं मोबाइलवरचे ते फोटो उघडले. या भिंतीत फ्रीजची वायर. त्या भिंतीत चार एमएमची. दाराजवळ इन्व्हर्टरची. खिडकीवर पाणी. दादा खिळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेत राहिला, वहिनी फोटो मोठा करून बघत राहिली, आणि आई विचारत राहिली की आज तिथी कोणती.

आजीनं खालून सुतळीचा तुकडा वर केला. "खिडकीच्या गजाला बांधा," ती म्हणाली, आणि मिक्सर सुरू केला.